पेटी भरून ठेवा



नोव्हेंबर महिना हा आपल्या मृत प्रियजनांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला, सर्व मृतभक्तांच्या दिवशी, आपण कबरस्तानात जातो. वाढलेले गवत काढतो, कबरीवर चुना मारतो, फुले वाहतो, मेणबत्ती लावतो. नातवंडांना जवळ घेऊन सांगतो, "हे तुझे पणजोबा." प्रत्येक पाटीवर दोन तारखा लिहिलेल्या असतात. पहिली तारीख घरच्यांना साधारण ठाऊक होती. तिच्यासाठी महिनोन्‌महिने तयारी चालली होती, झबली-टोपडी शिवून झाली होती. दुसरी तारीख मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. जिची तयारी सर्वांत जास्त हवी, त्या तारखेसाठी आपल्या घरात बहुधा काहीच शिवलेले नसते. आज त्या तयारीविषयी थोडे बोलू या.

संत लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक प्रभू येशूकडे एक बातमी घेऊन येतात. मंदिरात यज्ञ करीत असलेल्या काही गालीलकरांना पिलाताने ठार मारले होते. प्रभू स्वतः त्या बातमीला दुसरी बातमी जोडतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे त्याखाली चिरडली गेली होती. पहिल्या घटनेत माणसाचा क्रूरपणा आहे, तर दुसरी निव्वळ अपघात आहे. बातमी आणणाऱ्यांच्या मनातला प्रश्न प्रभू ओळखतो. मेलेली ही माणसे इतरांपेक्षा जास्त पापी होती काय? तो दोनदा, अगदी स्पष्टपणे उत्तर देतो की नाही. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो की तुम्ही मात्र पश्चात्ताप करा (लूक १३:१-५).

आपल्याकडेही असा एक बुरूज कोसळला आहे. २२ जानेवारी २०२५, बुधवारची संध्याकाळ. लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्सप्रेस आपल्या भुसावळवरून पुढे गेली होती. पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, गाडीला आग लागल्याची अफवा एका डब्यात पसरली. कोणीतरी साखळी ओढली. गाडी थांबताच घाबरलेले प्रवासी खाली उतरले आणि त्यांतले काही शेजारच्या रुळावर आले. त्याच रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस येत होती. किमान १२ माणसे तेथे मरण पावली. त्यांत पोटासाठी मुंबईला निघालेले मजूर होते, काही तर थेट नेपाळहून आलेले होते. गाडीला आग लागलेलीच नव्हती.

आपली वस्ती रेल्वेची. ही बातमी आपल्याला वर्तमानपत्रातून कळावी लागली नाही. ज्या विभागात आपले भाऊ, मुले, जावई काम करतात, त्याच विभागातली ती घटना. त्यानंतर जे बोलणे झाले तेही आपण ऐकले आहे. "उतरायची काय गरज होती?" "दुसऱ्या बाजूने उतरले असते तर वाचले असते." "ज्याची वेळ भरली तो जातो, दुसरे काय!" अशा बोलण्याने आपले समाधान होते, कारण मेलेला माणूस आणि आपण यांच्यामध्ये आपण एक भिंत उभी करतो. त्याने चूक केली, मी करणार नाही. त्याचे नशीब फुटके होते, माझे नाही. प्रभू येशू ही भिंत पाडतो. ते प्रवासी अधिक पापी नव्हते आणि अधिक मूर्खही नव्हते. आग लागल्याचे ऐकून कोणीही जे करील तेच त्यांनी केले. त्यांच्या मरणावरून त्यांना शिकवण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रभूने तो कोणालाच दिलेला नाही. तो फक्त एवढेच सांगतो की आता स्वतःकडे पाहा.

स्वतःकडे पाहणे हेच कठीण आहे. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवताना पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक उदाहरण येते. सर्व माणसे मर्त्य आहेत. सॉक्रेटिस माणूस आहे. म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. शतकानुशतके हा बिचारा सॉक्रेटिस वर्गावर्गातून मरत आला आहे. त्याच्या जागी स्वतःचे नाव घालून पाहायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. मरण आहे हे आपल्या डोक्याला पटते, पण मी मरेन हे आपल्या दिनक्रमाला पटत नाही. म्हणून तर आपल्या तोंडी सतत एकच शब्द असतो, "बघू". निवृत्तीनंतर बघू. पोरीचे लग्न झाले की बघू. नाताळला सगळे घरी येतील तेव्हा बघू. संत याकोब आपल्या पत्रात अशाच माणसांना हटकतो. आज-उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर धंदा करू, पैसा मिळवू असे ते म्हणत असतात आणि उद्या काय होईल हे त्यांना ठाऊकही नसते. आयुष्याला तो क्षणभर दिसून विरून जाणाऱ्या वाफेची उपमा देतो (याकोब ४:१३-१५). याकोब बेत करायला मनाई करीत नाही. प्रभूची इच्छा असेल तर, एवढे शब्द प्रत्येक बेतात असावेत, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

येथे कोणी म्हणेल, फादर, मग काय रोज मरणाच्या धास्तीत जगायचे? नाही. धास्ती आणि तयारी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. धास्तीत माणूस नीट विचार करू शकत नाही. परधाडेजवळ जे घडले ते धास्तीने घडले. तयारी कशी असते हे मात्र आपल्या भुसावळच्या जुन्या रेल्वे कुटुंबांना कोणी शिकवायला नको.

ज्यांच्या घरात ड्रायव्हर किंवा गार्ड होते त्यांना 'कॉल बॉय' आठवत असेल. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. रात्री बारा असोत की पहाटेचे तीन, गाडी सुटण्याच्या सुमारे दोन तास आधी तो कॉल बुक घेऊन सायकलवर यायचा, दाराची कडी वाजवायचा, सही घ्यायचा आणि पुढच्या क्वार्टरकडे निघून जायचा. कधी येईल याचा नेम नसे. पण म्हणून त्या घरातला माणूस रात्रभर दाराकडे डोळे लावून बसत नसे. तो निवांत झोपे, कारण त्याची लोखंडी पेटी कोपऱ्यात भरलेली असे. झेंड्या, बत्ती, नियमांचे पुस्तक, कपड्यांचा जोड, सगळे जागच्या जागी असे. कडी वाजली की घरची बाई स्टोव्ह पेटवून डबा करायला घेई आणि हा तोंड धुऊन पेटी उचली. ज्याची पेटी भरलेली नसे त्याचीच धावपळ होई. आज कॉल मोबाईलवर येतो, पण त्याचा नेम आजही नाही.

प्रभू येशूने हेच चित्र त्याच्या काळच्या भाषेत रंगवले आहे. कमरा कसून, दिवे लावून धन्याची वाट पाहणारे दास. तो पहाटे आला तरी दार उघडायला तयार असलेले (लूक १२:३५-४०). या दाखल्यात एक गोष्ट फार विलक्षण आहे. धनी आल्यावर दासांची झाडाझडती घेत नाही. तो स्वतःच कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि वाढतो. म्हणजे दारावर जो येणार आहे तो आपल्याला ओळखीचा आहे आणि त्याच्या मनात आपल्यासाठी पंगत आहे. ख्रिस्ती माणसाची तयारी या विश्वासातून येते. शत्रू येणार म्हणून आपण दाराला अडसर घालतो. आपला माणूस येणार असेल तर दिवा लावून ठेवतो.

मग आपल्या पेटीत काय असावे? मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, राहून गेलेले शब्द. संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्यांच्या तरुणपणीच्या एका जिवलग मित्राची हकीकत आहे. मित्र तापाने बेशुद्ध पडला. तो वाचणार नाही असे वाटून त्याचा बाप्तिस्मा करण्यात आला. पुढे तो शुद्धीवर आला तेव्हा ऑगस्टीन यांनी त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. मित्राने त्यांना फटकारले. ऑगस्टीन चकित झाले, पण त्यांनी विचार केला की आता नको, हा बरा झाला की सावकाश बोलू. थोड्याच दिवसांत ताप उलटला आणि ऑगस्टीन जवळ नसताना मित्र गेला. ते बोलणे कायमचे राहिले. इतक्या मोठ्या तत्त्वज्ञाने अनेक वर्षांनी त्या मृत्यूविषयी लिहिले, तरी त्यातली कळ वाचणाऱ्याला जाणवते.

आपल्या धर्मग्रामातही अशी बोलणी राहिलेली आहेत. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणे सोडलेले भाऊ रविवारी याच मंदिरात वेगवेगळ्या बाकांवर बसतात. शांतीचे चिन्ह देताना एक उजवीकडे वळतो, दुसरा डावीकडे. सून आणि सासू एकाच ताटलीतला ख्रिस्तप्रसाद घेतात आणि एका ताटात जेवत नाहीत. प्रभू म्हणतो की वेदीजवळ दान आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). येथे चूक कोणाची हे प्रभू विचारत नाही. ज्याला आठवले त्याने निघायचे आहे. वाटणीचा निकाल कोर्टात लागायचा तेव्हा लागू दे, "कसा आहेस?" एवढे विचारायला निकालाची गरज नाही. २०२० आणि २०२१ सालच्या करोनाच्या काळात कितीतरी घरांत माणूस दवाखान्यात चालत गेला आणि परत आलाच नाही. चेहरा पाहता आला नाही, हात धरता आला नाही. त्या घरांतल्या कोणालाही विचारा. खर्च किती झाला हे त्यांना आठवत नसेल, पण बोलायचे काय राहिले ते नक्की आठवते.

दुसरी गोष्ट, संस्कार. याविषयी मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे. आजारी माणसासाठी फादरांना बोलवायला आपण फार उशीर करतो. कारण प्रेमाचेच असते. "फादर आले की आई घाबरेल, तिला वाटेल आपले संपले." म्हणून आपण थांबतो आणि फोन येतो तेव्हा आई बेशुद्ध असते. तिला पापनिवेदन करता येत नाही, ख्रिस्तप्रसाद गिळता येत नाही, प्रार्थनेला 'आमेन' म्हणता येत नाही. तिला घाबरवायचे नाही म्हणून आपण तिला तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घटकेला एकटे ठेवतो.

या संस्काराला पूर्वी 'अंतिम अभ्यंग' म्हणत, त्यामुळे ही भीती रुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले की याला 'आजाऱ्यांचा तैलाभ्यंग' म्हणणेच अधिक योग्य आहे आणि तो केवळ शेवटच्या घटकेला पोहोचलेल्यांसाठी नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी मंजूर केला. त्याचा आधार संत याकोबाच्याच पत्रात आहे. कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी (याकोब ५:१४-१५). गंभीर आजार जडला, मोठे ऑपरेशन ठरले, म्हातारपणाने शक्ती खचू लागली, तर हा संस्कार घेता येतो. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. तेल कपाळाला आणि हातांना लावतात, ते बळ यावे म्हणून. जगाचा निरोप घेणाऱ्यासाठी जो खरा अखेरचा संस्कार आहे तो म्हणजे पवित्र ख्रिस्तप्रसाद. त्याला लॅटिन भाषेत 'वियाटिकुम' असे नाव आहे. त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. ड्युटीवर निघालेल्याला कधी डब्याशिवाय न पाठवणारी आपली घरे, सर्वांत लांबच्या प्रवासाला निघालेल्या आपल्या माणसाला रिकाम्या हाती कशी पाठवू शकतील? म्हणून सांगतो, वेळेवर कळवा. अपरात्री फोन केला म्हणून कोणताही धर्मगुरू रागावत नाही. माणूस शुद्धीवर असताना बोलवा. तो घाबरत नाही. बहुतेक वेळा तोच आपल्यापेक्षा शांत असतो, कारण जे सगळे जण टाळत होते ते अखेर कोणीतरी त्याच्याशी बोललेले असते.

आणि जे धडधाकट आहेत त्यांच्यासाठी पापनिवेदन आहे. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाची खुर्ची बहुतेक वेळ रिकामी असते. पश्चात्ताप करा, हे प्रभूने बुरूज पडल्याची बातमी ऐकणाऱ्यांना, म्हणजे जिवंत आणि धडधाकट लोकांनाच सांगितले होते.

तिसरी गोष्ट, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था. मृत्युपत्र, बँकेतले नॉमिनेशन, पेन्शनचे कागद, कोणाचे देणे आहे, कोणाकडून येणे आहे, हे सगळे घरच्यांना माहीत असावे. काही जणांना हे अपशकुनी वाटते. ख्रिस्ती माणसाने शकुन-अपशकुन मानू नयेत. पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजीच आपले मृत्युपत्र लिहून ठेवले होते. रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मरियेच्या मंदिरात, जमिनीत, साधी कबर असावी आणि त्यावर फक्त 'फ्रान्सिस्कुस' एवढेच नाव असावे, असे त्यात होते. ते लिहून झाल्यावर ते काळजी करीत बसले नाहीत. जवळजवळ तीन वर्षे कामात राहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते आजारी पडले, ३८ दिवस रुग्णालयात राहिले. २० एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांनी क्षीण आवाजात जगाला आशीर्वाद दिला आणि गाडीतून चौकात लोकांमध्ये फेरी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवाघरी गेले. कॉल आला तेव्हा पेटी भरलेली होती, म्हणून शेवटचा दिवसही लोकांसाठी मोकळा राहिला.

बंधुभगिनींनो, लूकच्या तेराव्या अध्यायात बुरुजाच्या बातमीनंतर लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला आहे (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ न देणारे झाड धनी तोडायला सांगतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहणाऱ्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको. मुदत मिळाली म्हणून माळी बांधावर बसून राहणार नाही. तो म्हणतो, मी भोवती खणीन, खत घालीन. आजचा रविवार ही आपल्याला मिळालेली अशीच मुदत आहे. ती आपल्या कर्तबगारीने मिळालेली नाही. आपल्यासाठी कोणीतरी रदबदली केली आहे. ज्याने केली त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.

एवढे सगळे करूनही मरण दुःखाचेच राहील. तयारी असली म्हणून रडू येणार नाही असे नाही. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असतानाही प्रभू येशू त्याच्या कबरीपाशी रडला (योहान ११:३५). म्हणून ज्या घरात नुकतेच दुःख झाले आहे त्या घरी जाऊन "रडू नका, देवाची इच्छा" असे उपदेश करू नका. शेजारी बसा, चहा करून द्या, चार दिवस डबा पोहोचवा. आपला विश्वास अश्रूंना मनाई करीत नाही. ते अश्रू शेवटचे नाहीत, एवढेच तो सांगतो.

आपण रोज जपमाळ धरतो. 'नमो मरिया' या प्रार्थनेत आपण मरियामातेकडे फक्त दोन वेळांसाठी विनवणी मागतो, आता आणि मरणाच्या घटकेला. मधल्या वर्षांचा त्यात उल्लेख नाही. 'आता' आपल्या हातात आहे आणि मरणाची घटका देवाच्या. एक दिवस असा येईल की या दोन्ही वेळा एकच होतील. तोपर्यंत प्रत्येक 'आता' नीट वापरला तर ती दुसरी घटका परकी वाटणार नाही.

या महिनाभर वेदीजवळ मृतांच्या नावांची पेटी ठेवली आहे. आपापल्या घरातल्या मृतांची नावे लिहून त्यात टाका. रोजच्या मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होईल. एक विनंती आहे. कागदाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडा. परधाडेजवळच्या रुळांवर मरण पावलेल्या त्या प्रवाशांची नावे आपल्याला माहीत नाहीत. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या गावचे होते हेही आपण विचारणार नाही. ते आपल्या स्टेशनावरून गेले, तेवढी ओळख पुरे. ती ओळ त्यांच्यासाठी. आणि कागद पेटीत टाकून घरी जाताना, ज्या भावाशी बोलणे बंद आहे त्याच्या दारावरून जा. आजच जा.

प्रभू तुम्हांला आणि तुमच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो आणि आपल्या सर्व मृत बंधुभगिनींना चिरविश्रांती देवो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू, भुसावळ